बॅरलची लांबी आणि गोळीचा वेग: माझ्या प्रकल्पाच्या नोंदी

8 जून 2025

आजपासून ही वही. निमित्त भाच्याचं. तो दोन वर्षं 10 मीटर एअर रायफल मारतोय आणि मागच्या ऑगस्टमध्ये पॅरिसला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात फक्त .22 आहे, म्हणजे 0.22 इंची नळीची खरी गोळी मारणारी रायफल. आज ताईचा फोन आला, म्हणाली, "अरे ह्याला रेंजवर कुणीतरी सांगितलंय की बॅरल जितकी लांब तितकी गोळी फास्ट, आणि गोळी फास्ट तितका स्कोर जास्त, आता लांब बॅरलची रायफल हवी म्हणून मागे लागलाय, तू मेकॅनिकलवाला ना, जरा बघ." किंमत ऐकली आणि म्हटलं हे नीटच बघायला पाहिजे, अंदाजाने सांगण्यातली गोष्ट नाही ही.

नेमबाजांमध्ये एक ठोकताळा फिरतो की बॅरलचा एक इंच वाढला की वेग सेकंदाला 25 फुटांनी वाढतो. मला पहिल्यापासूनच हे खटकतंय. कारण मग 10 फुटी बॅरल केली तर काय? वाढ सरळ रेषेत होत राहणार? गॅस तर तेवढाच आहे ना, काडतुसात भरली तेवढीच दारू.

तर प्रश्न असा लिहिला: प्रत्येक पुढचा इंच किती देतो, आणि देणं कधी थांबतं.

10 जून

अमेरिकेतले हौशी लोक हे कसं मोजतात ते माहीत होतं, एकच रायफल घेतात, गोळ्या झाडून वेग मोजतात, करवतीने एक इंच कापतात, परत मोजतात, असं करत करत हातात ठुटकं उरेपर्यंत. पद्धत उत्तम आहे, कारण बॅरल तीच राहते आणि फक्त लांबी बदलते. आपल्याकडे विषयच संपला. 1959 च्या आर्म्स अॅक्टचं कलम 6 ह्याच गोष्टीबद्दल आहे, खास लायसन्स नसताना बंदुकीची नळी आखूड करायची नाही. आणि मला ते बरोबरच वाटतं, आखूड केलेली बंदूक लपवायला सोपी.

मग तीन वाटा ठरवल्या. एक, एकच काडतूस वेगवेगळ्या लांबीच्या बॅरलमधून मारणाऱ्या रायफली जगात कुठल्या आहेत त्यांचे छापील आकडे. दोन, घरी काहीतरी निरुपद्रवी नळी जी मी खुशाल कापू शकतो. तीन, रेंजवर जे आहे ते न कापता मोजणं.

14 जून

पहिल्या वाटेसाठी कलाश्निकोव्ह कुटुंबासारखं, म्हणजे एके रायफलींसारखं, दुसरं काही नाही. काडतूस एक आणि बॅरल तीन. 5.45×39 काडतूस (गोळी 5.45 मिलिमीटरची, ती जिच्यात बसते ती धातूची पुंगळी 39 मिलिमीटर लांब) घेतलं तर आखूड एकेएस-74यू ची बॅरल 206.5 मिलिमीटर आणि वेग 735 मीटर पर सेकंद, साध्या एके-74 ची 415 मिलिमीटर आणि 900, आणि आरपीके-74 म्हणजे लाइट मशीनगन, तिची 590 मिलिमीटर आणि 960.

हे बघूनच ठोकताळा गेला. पहिल्या जोडीत 208.5 मिलिमीटर जास्त मिळाले तर 165 मीटर पर सेकंद वाढले, दुसऱ्या जोडीत 175 मिलिमीटर वाढले तर फक्त 60. इंचात आणि फुटात करून बघितलं तर पहिल्या टप्प्यात इंचाला 66 फूट पडतात आणि दुसऱ्यात 29 च्या आसपास. म्हणजे 25 हा आकडा खोटा नाही, तो बॅरलच्या एका ठरावीक तुकड्यापुरता खरा आहे आणि लोक तो सगळीकडे लावतात.

जुन्या 7.62×39 चे पण लिहून ठेवले. एकेएम 415 मिलिमीटर आणि 715, आरपीके 590 मिलिमीटर आणि 745. आपल्या सैन्यासाठी अमेठीजवळ कोरव्याला जी एके-203 बनते तिच्यातही हेच काडतूस आणि बॅरलही 415 चीच.

15 जून

रविवार, दिवसभर एक्सेल. इंटिरिअर बॅलिस्टिक्समध्ये, म्हणजे नळीच्या आत गोळीचं काय होतं त्या शास्त्रात, एक जुनं फ्रेंच सूत्र आहे, ल दुकचं. दिसायला अगदी साधं: वेग = अ × ल ÷ (ब + ल). ल म्हणजे गोळीने नळीत कापलेलं अंतर. अ म्हणजे नळी अनंत लांब केली तर जो वेग मिळाला असता तो, आणि ब म्हणजे त्याच्या निम्मा वेग मिळायला जेवढी लांबी लागते ती. ह्यात मागची थर्मोडायनॅमिक्स वगैरे काही नाही, आकार तेवढा बरोबर आहे, आधी झपकन वर जातो आणि मग आडवा होत जातो.

फिट करताना मी मधला आकडा मुद्दाम लपवला, कारण तीन बिंदू घेऊन तिन्हींतून वक्र काढण्यात काय अर्थ, तो तर कसाही बसवता येतो. 206.5 आणि 590 हे दोनच घेतले. अ आला 1149 आणि ब आला 116 मिलिमीटर. मग विचारलं 415 ला किती? 898. छापील 900!

खरं तर ल म्हणजे पूर्ण बॅरल नव्हे, गोळी पुंगळीच्या तोंडापासून निघते त्यामुळे साधारण 40 मिलिमीटर वजा करायला हवेत. ते करून बघितलं तर 904 आलं. दोन्हीकडे अर्ध्या टक्क्याच्या आत.

मग 7.62 ला लावलं, 415 आणि 590 हे दोन बिंदू, अ 827 आणि ब 65. पडताळायला तिसरी बंदूक हवी होती आणि एकदम आठवलं की एसकेएस पण हेच काडतूस मारते, बॅरल 520 मिलिमीटर. सूत्राने दिलं 735. मॅन्युअलमधला वेग 735. मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. शंभर वर्षांहून जुनं दोन अक्षरांचं सूत्र आणि रशियात कुणीतरी कधीतरी मोजलेला आकडा, आणि ते दोघं इतके जुळावेत, मला हे फार सुंदर वाटतं.

22 जून

आज एक चूक सापडली, माझ्या विचारातली. 415 वरून 590 करताना 5.45 ला 60 मिळतात आणि 7.62 ला फक्त 30, ह्याचं कारण मी आठवडाभर मनात असं धरून चाललो होतो की 7.62 ची नळी रुंद, दारू दोन्हीकडे साधारण सारखीच दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणून रुंद नळीत गॅस लवकर पसरतो, दाब पडतो आणि पुढचे इंच फुकट जातात.

ऐकायला पटतं. पण वेगाऐवजी एनर्जी काढली तेव्हा चित्र वेगळंच निघालं. 5.45 ची गोळी 3.43 ग्रॅमची, 900 ला तिची एनर्जी 1389 ज्यूल, 960 ला 1580. वाढ 191 ज्यूल. 7.62 ची गोळी 7.9 ग्रॅम, 2019 वरून 2192, वाढ 173 ज्यूल. म्हणजे त्या 175 मिलिमीटरने दोघींना जवळजवळ सारखंच दिलं! रुंद नळीत दाब निम्म्यावर येतो हे खरं, पण तो दाब दुप्पट क्षेत्रफळावर काम करतो, त्यामुळे ढकलणारं बल सारखंच राहिलं. वेगातली वाढ निम्मी दिसते ती गोळी दुपटीहून जड आहे म्हणून.

ह्यापुढे तुलना एनर्जीत करायची, वेगात नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं.

आणि एनर्जीवरून बल काढता येतं, वाढ भागिले अंतर. 5.45 चं काढलं. पहिल्या तुकड्यात, पुंगळीपासून 206.5 पर्यंत, सरासरी ढकल 5500 न्यूटनच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे किलोहून जास्त वजन त्या पेन्सिलीएवढ्या गोळीच्या बुडावर. 206.5 ते 415 मध्ये 226 किलो. 415 ते 590 मध्ये 112 किलो. प्रत्येक टप्प्याला निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली. तरी 112 किलो म्हणजे काही कमी नाही, मशीनगनच्या तोंडाशीसुद्धा गॅस अजून जोरात ढकलतोय आणि म्हणूनच 5.45 ला तिथे लांबी वाढवून फायदा होतो.

29 जून

पावसामुळे घरीच, म्हणून जरा मागे गेलो. हा प्रश्न विचारणारा मी पहिला नाही हे माहीत होतं पण किती जुना आहे ते बघून थक्क व्हायला झालं. बेंजामिन रॉबिन्सने 1742 मध्ये बॅलिस्टिक पेंड्युलम वापरून गोळीचा वेग मोजला, लाकडाचा जड ठोकळा टांगायचा, त्यात गोळी रुतवायची आणि ठोकळा किती मागे झुलला त्यावरून वेग काढायचा. आपण अकरावी बारावीत हे गणित सोडवतो आणि विसरून जातो की हे कुणीतरी खरोखर केलंय. मग चार्ल्स हटनने 1780 च्या दशकात लंडनजवळच्या वुलिचला एक पौंडाच्या गोळ्यांच्या छोट्या तोफा घेऊन, वेगवेगळ्या लांबीच्या, अगदी हाच प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष असा की वेग लांबीच्या वर्गमुळापेक्षा कमी पण घनमुळापेक्षा जास्त अशा प्रमाणात वाढतो.

लगेच आपल्या आकड्यांवर लावून बघितलं. वर्गमूळ म्हणजे घातांक 0.5, घनमूळ म्हणजे 0.33. एकेएस-74यू ते एके-74 मध्ये घातांक येतो 0.29, पुढच्या टप्प्यात 0.18. दोन्ही हटनच्या पट्ट्याच्या खाली. बराच वेळ अडलो. मग लक्षात आलं की लांबी इंचात मोजायचीच नसते, नळीच्या व्यासाच्या पटीत मोजायची, ज्याला कॅलिबर म्हणतात. 206.5 मिलिमीटरची आखूड बॅरलसुद्धा 37 कॅलिबर लांब आहे. हटनच्या एक पौंडी गोळ्याचा व्यास दोन इंचांच्या आसपास, त्याची तोफ 37 कॅलिबर करायची तर नळी सहा फुटांच्या वर जाते. आपण जिला आखूड म्हणतो ती त्याच्या लेखी भली लांब होती, म्हणजे मी वक्राच्या पुढच्या, आडव्या झालेल्या भागात उभा आहे आणि तो चढावर होता. वक्र एकच.

आणि दुसरं टोक म्हणजे पहिल्या महायुद्धातली पॅरिस गन, 1918 मध्ये जर्मनांनी 120 किलोमीटरवरून पॅरिसवर तोफगोळे टाकले ती. नळी 34 मीटर, सुरुवातीचा व्यास 21 सेंटिमीटर, म्हणजे 160 कॅलिबर. ती लांबी कामी आली कारण आत भरलेल्या दारूचं वजन गोळ्याच्या वजनापेक्षाही जास्त होतं. हे गुणोत्तर मला महत्त्वाचं वाटायला लागलंय, दारू भागिले गोळी. पॅरिस गन एकच्या वर. 5.45 साधारण 0.4. 7.62×39 साधारण 0.2. आणि .22 मध्ये दारू असते साधारण 0.1 ग्रॅम आणि गोळी 2.6 ग्रॅम, म्हणजे 0.04. आणि नळीचा व्यास .22 चा आणि 5.45 चा जवळपास सारखाच! तेवढ्याच रुंदीच्या नळीत चौदावा हिस्सा दारू. भाच्याला लागणारं उत्तर इथेच कुठेतरी आहे असं वाटतंय.

6 जुलै

आषाढी. उपास, साबुदाणा खिचडी खाऊन भाचा दुपारी आला आणि आम्ही दुसरी वाट धरली, कापता येणारी नळी.

60 मिलीची मोठी सिरिंज, मेडिकलमधून सुईशिवाय. पुढे वायरिंगचा पीव्हीसी पाईप, आतला व्यास साडेसोळा मिलिमीटर. पाईपात रबरी बूच, घासून बसवलेलं, पुढे थोडं वजन चिकटवून 8 ग्रॅम केलं. सिरिंज दाबली की हवेने बूच पुढे जातं. रायफलीत गॅस ठरलेला तसा इथे 60 मिली हवा ठरलेली. टेबलाची उंची 75 सेंटिमीटर, पाईप आडवा, बूच जमिनीवर जिथे पडेल तिथपर्यंत टेपने मोजायचं. 75 सेंटिमीटर पडायला 0.39 सेकंद लागतात, अंतर भागिले तेवढे सेकंद की झाला वेग, काहीही उपकरण नको.

आज फक्त इतकं कळलं की हाताने दाबून चालत नाही. भाच्याने दाबलं तर एक, मी दाबलं तर दुसरं, त्याच माणसाने दहा वेळा दाबलं तरी अंतर मीटरभर पुढेमागे. सिरिंज उभी करून, एल्बो लावून, वरून एक किलो वाळूची पिशवी ठरलेल्या उंचीवरून सोडायची असं ठरलं.

13 जुलै

वाळूची पिशवी बसवली. आता एकसारखं येतंय, दहातले आठ शॉट वीतभर अंतरात.

40 सेंटिमीटरच्या पाईपने सुरू केलं, मोठ्याकडून छोट्याकडे कापत जायचं म्हणून. पिशवी पडली, आवाज आला आणि पाईपातून काही बाहेरच आलं नाही. भाचा पाईपात वाकून बघायला लागला तेव्हा मी त्याला मागे ओढलं आणि चांगला रागावलो, नळी कुठलीही असो, तोंडासमोर डोळा न्यायचा नाही, रेंजवर शिकवलेलं घरी विसरायचं का. टॉर्च मागून लावून बघितलं तर बूच पाईपात मध्येच होतं. परत केलं, परत तेच, ह्या वेळेला मी पाईपावर कान ठेवला होता आणि स्पष्ट ऐकू आलं की बूच पुढे गेलं, थांबलं, आणि थोडं मागे आलं.

मागे का आलं? गणित सोपं आहे. पाईपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ 2.14 चौरस सेंटिमीटर, 60 मिली हवा त्यात 28 सेंटिमीटर भरते. बूच 28 च्या पुढे गेलं की मागची हवा ताणली जाते, दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि आता बाहेरची हवा बुचाला आत ढकलायला लागते. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मामा पाईपच त्याला परत खेचतोय." खेचत नाही, बाहेरची हवा ढकलते, पण त्याला मुद्दा कळला होता.

मग पाच पाच सेंटिमीटर कापत गेलो, प्रत्येक लांबीला दहा शॉट. 35 ला सरासरी 2.1 मीटर. 30 ला 3.2. 25 ला 3.3. 20 ला 3.1. 15 ला 2.6. 10 ला 1.9. सगळ्यात जास्त 25 च्या आसपास, म्हणजे 8.4 मीटर पर सेकंद, आणि गणिताने सांगितलेल्या 28 च्या थोडं अलीकडे. अलीकडे का, तर घर्षण. दाब बाहेरच्या एवढा होईपर्यंत वाट बघावी लागत नाही, दाबाची ढकल घर्षणाएवढी झाली की तिथेच फायदा संपतो.

25 ते 30 मध्ये जवळजवळ काहीच फरक नाही हे पण लिहून ठेवतो. शिखर टोकदार नाही, सपाट आहे. आणि मग 35 ला एकदम घसरलं.

स्प्रिंगवाल्या साध्या एअरगनमध्ये नेमकं हेच चालतं, पिस्टन ठरलेली हवा ढकलतो, छर्‍याचा बहुतेक वेग बॅरलच्या मागच्या भागातच होऊन जातो, पुढची नळी हातात धरायला आणि साइट, म्हणजे नेम धरायची खूण, बसवायला.

20 जुलै

तिसरी वाट. रेंजवरच्या सरांनी परवानगी दिली, त्यांच्या देखरेखीखाली आणि गोळी झाडणार फक्त लायसन्सवाले नेमबाज, मी फक्त क्रोनोग्राफ लावणार आणि लिहिणार. क्रोनोग्राफ एका मित्राचा, प्रकाशावर चालणारा, दोन सेन्सर, गोळीची सावली पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागला ते मोजतो.

पूर्ण दिवस वाया. पाऊस म्हणून शेडच्या खाली लावलं आणि वर ट्यूबलाइट. ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते, आपल्या डोळ्याला दिसत नाही पण सेन्सरला ती सावलीच वाटते. गोळी न झाडताच आकडे यायला लागले, झाडल्यावर एकदा 1100 मीटर पर सेकंद. .22 मधून! नेमबाजांचा वेळ गेला आणि मोजून आणलेल्या गोळ्या गेल्या त्याचं मला वाईट वाटलं. घरी येताना ठरवलं की पुढच्या वेळेला उघड्यावर, ढगाळ उजेडात.

10 ऑगस्ट

काल राखीला ताई आली होती, "तुझा रिपोर्ट कधी येणार" हा पहिला प्रश्न. आज आला.

पावसाने उघडीप दिली, आकाश पांढरं ढगाळ, ह्या क्रोनोग्राफला ह्याच्याहून चांगला उजेड नाही. सेन्सर तोंडापासून तीन मीटरवर, म्हणजे तोंडातून निघणारा गॅस गोळीच्या आधी सेन्सरला लागत नाही. सगळीकडे एकाच लॉटच्या मॅच गोळ्या, प्रत्येकी दहा शॉट. तीन नळ्या: 25 मीटरवाल्यांचं .22 पिस्तूल, बॅरल 150 मिलिमीटर (नियमाने 153 च्या वर चालत नाही). एकीची मॅच रायफल 660 मिलिमीटरची. आणि दुसऱ्या एका नेमबाजाची रायफल जी बाहेरून तेवढीच लांब दिसते पण खरी बॅरल 500 मिलिमीटर, पुढे पोकळ रुंद नळी लावलेली, तिच्यात गोळी कशाला टेकत नाही, फक्त पुढची साइट लांब नेण्यासाठी ती आहे.

सरासरी: पिस्तूल 281. पाचशेवाली 329. सहाशेसाठवाली 326.

लांब रायफलीचा वेग कमी. भाच्याने माझ्या हातातून वही घेतली आणि परत बघितला.

पण लगेच उड्या मारायच्या नाहीत. शॉट टू शॉट फरकच तीन चार मीटर पर सेकंद आहे आणि ह्या दोन वेगळ्या बॅरल आहेत, वेगळ्या कारखान्याच्या, वेगळ्या चेंबरच्या (काडतूस बसतं ती जागा), लांबी सारखी असतानासुद्धा दोन बॅरलमध्ये एवढा फरक पडू शकतो. कापून बघितलेली एकच बॅरल असती तर मी ठामपणे बोललो असतो. 660 ने 500 पेक्षा काही जास्त दिलं नाही, एवढं मात्र ह्या आकड्यांवरून म्हणता येतं. ज्यांनी खरंच कापून बघितलंय त्यांच्याकडे .22 चं शिखर 16 ते 19 इंचांच्या आसपास येतं, म्हणजे 40 ते 48 सेंटिमीटर, त्याच्याशी हे जुळतं.

12 ऑगस्ट

पिस्तूल आणि 500 हे दोन बिंदू ल दुकच्या सूत्राला दिले आणि 660 चं विचारलं. 335 म्हणालं. आपण मोजलं 326. जे सूत्र कलाश्निकोव्हला काट्यावर बसलं ते इथे नऊने चुकलं, आणि चुकणारच, कारण त्याच्यात घर्षणाला जागाच नाही, त्याचा वक्र कधी खाली येतच नाही, वर वर जात अ ला टेकत राहतो. 5.45 मध्ये तोंडाशी 112 किलोची ढकल होती, तिथे घर्षण फारसं दिसतच नाही. इथे काढलं: पिस्तुलाच्या लांबीपासून 500 पर्यंत सरासरी निव्वळ ढकल 109 न्यूटन, म्हणजे 11 किलो. आणि 500 च्या पुढे, दोन बॅरल सारख्याच धरल्या तर, उणे 16 न्यूटन. दीड किलोचा ब्रेक. शिसं नळीला घासतंय आणि 0.1 ग्रॅम दारूचा गॅस आता एवढा पसरलाय की त्याच्याने ते पेलवत नाही.

माझ्या पाईपात बूच जिथून मागे आलं तीच ही जागा. फक्त गोळीचा वेग एवढा असतो की ती थांबत नाही, किंचित मंदावते.

24 ऑगस्ट

भाच्याचा प्रश्न, आणि योग्य प्रश्न: "मग मामा मॅच रायफली एवढ्या लांब का असतात?"

साइटसाठी. 50 मीटरला दुर्बीण चालत नाही, मागे छिद्राची साइट आणि पुढे रिंग. दोन्हींमधलं अंतर जितकं जास्त तितकी जुळवणीतली बारीक चूक टार्गेटवर कमी पसरते. मागची पुढची साइट 80 सेंटिमीटरवर असेल आणि रिंग दशांश मिलिमीटरने हलली तर 50 मीटरवर चूक सव्वासहा मिलिमीटर, तेच अंतर 60 सेंटिमीटर केलं तर सव्वाआठ. 50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं आहे, त्यामुळे हे दोन मिलिमीटर फार आहेत. आणि हे काम पोकळ नळीसुद्धा करते, बॅरल लांब असायची गरज नाही.

उलट आखूड बॅरलचा एक फायदा आहे. 500 वरून 660 पर्यंतचा प्रवास करायला गोळीला जवळपास अर्धा मिलिसेकंद लागतो, तेवढा वेळ ती अजून नळीत असते आणि नळी नेमबाजाच्या हातात असते. गोळी जितकी लवकर बाहेर तितकं हाताच्या हलण्याला कमी वाव. सर म्हणाले तुझं गणित बरोबर आहे पण फॉलो थ्रू (गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच स्थिर राहणं) चांगला असेल तर अर्ध्या मिलिसेकंदाने काही होत नाही आणि नसेल तर आखूड बॅरल त्याला वाचवत नाही. हे पण लिहून ठेवतोय, ते पस्तीस वर्षं शिकवतायत.

त्याच्या आत्ताच्या एअर रायफलचं तर अजूनच सोपं. ती दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालते, 4.5 मिलिमीटरचा छर्रा, वेग 175 च्या आसपास, आणि तो वेग रेग्युलेटर (हवेचा दाब ठरवणारा) आणि हॅमरच्या (हवेचा व्हॉल्व्ह ठोकून उघडणारा) सेटिंगने ठरवून ठेवलेला असतो. तिथे बॅरल लांब करून वेग मागायचा प्रश्नच येत नाही.

31 ऑगस्ट

गणपतीत सगळे जमलेले. ताईला पूर्ण वही दाखवली, आकड्यांपेक्षा तिला पाईपच जास्त आवडला म्हणून आरतीनंतर हॉलमध्ये परत लावला, पिशवी सोडायला सगळ्या पोरांची रांग. नवीन रायफल आत्ता घ्यायची नाही असं ठरलं, तेच पैसे त्याच्या जॅकेटला आणि गोळ्यांना.

रेंजवर लावायला आलेख काढतोय, एका कागदावर तीन वक्र, 5.45, .22 आणि आमचा पाईप, आडव्या अक्षावर लांबी कॅलिबरमध्ये आणि उभ्या अक्षावर एनर्जी, प्रत्येकाच्या शिखराच्या टक्क्यात, म्हणजे एकाच कागदावर बसतात. 5.45 चा शेवटपर्यंत वरच, .22 चा आडवा होऊन किंचित वाकलेला, पाईपाचा डोंगरासारखा. 40 सेंटिमीटरचा बिंदू कुठे टाकायचा ह्यावर आमचा अर्धा तास वाद झाला. मी म्हणत होतो शून्यावर टाक, बाहेर आलंच नाही ना. तो म्हणाला, "शून्य कसं मामा, शून्य म्हणजे तोंडाशी येऊन थांबलं, हे तर आतच थांबून मागे गेलं." बरोबर होतं त्याचं. त्याने अक्षाच्या खाली एक छोटा बाण काढला आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलं, "बूच आतच राहिले".